नकाशा हाती, अधिकार कोणाचा?

गावाचा नकाशा ही ग्रामीण महाराष्ट्राला नवी वस्तू नाही. तलाठ्याच्या दप्तरातील गावनकाशा, भूमी अभिलेख कार्यालयातील टिपण आणि फाळणी यांच्याशी शेतकऱ्याचा संबंध पिढ्यान्‌पिढ्या येत आला आहे. नकाशाची नक्कल हवी असेल तर अर्ज करावा लागतो, ठरलेली फी भरावी लागते. हाती येते ती नक्कल. मूळ अभिलेख शासनाकडेच राहतो, हे सर्वांना ठाऊक असते. नक्कल मिळाली म्हणून कोणी स्वतःला त्या अभिलेखाचा धनी समजत नाही.

भ्रमणध्वनीच्या पडद्यावर उमटणाऱ्या नकाशाच्या बाबतीत मात्र हा विवेक क्वचितच आढळतो. तेथे अर्ज नाही, फी नाही, शिक्का नाही. बोटाच्या स्पर्शासरशी आपले गाव, ओढा, शाळा आणि देऊळ समोर येते. जे इतक्या सहज दिसते ते सर्वांचेच असणार, असा समज होणे स्वाभाविक आहे. परंतु हा समज बरोबर नाही. पडद्यावरचा नकाशा कोणा तरी कंपनीची, संस्थेची अथवा शासकीय खात्याची मालमत्ता असतो आणि तो पाहण्याची, वापरण्याची व साठवण्याची मुभा परवान्याच्या अटींनी बांधलेली असते.

एखाद्या व्यक्तीने रस्ता शोधण्यासाठी नकाशा पाहिला तर या अटींचा तिला फारसा उपद्रव होत नाही. पण जिल्हा परिषद, नगरपालिका, शाळा किंवा ग्रामपंचायत स्वतःचे ॲप तयार करवून घेते आणि त्यात असा नकाशा बसवते, तेव्हा प्रश्न निराळा होतो. सार्वजनिक पैशाने आणि कर्मचाऱ्यांच्या श्रमाने गोळा केलेली माहिती त्या नकाशावर चढवली जाते. ही माहिती पुढे आपलीच राहणार की नाही, हे त्या अटींवर अवलंबून असते. म्हणूनच या अटींचे स्वरूप समजून घेणे अगत्याचे आहे.

नकाशाचे तीन थर

मोबाइल ॲपमधील नकाशा एकसंध दिसत असला तरी त्यात तीन वेगवेगळे थर असतात.

पहिला थर चित्राचा. नकाशाचे चित्र लहान लहान चौकोनी तुकड्यांनी बनलेले असते. त्यांना टाइल असे म्हणतात. शून्य क्रमांकाच्या स्तरावर संपूर्ण पृथ्वी एकाच तुकड्यात बसवलेली असते. पुढच्या प्रत्येक स्तरावर एका तुकड्याचे चार तुकडे होतात. म्हणजे पहिल्या स्तरावर ४, दुसऱ्यावर १६, तिसऱ्यावर ६४. अठराव्या स्तरावर, जेथे घरे आणि गल्ल्या स्पष्ट दिसू लागतात, तेथे साऱ्या जगासाठी ६,८७१ कोटींहून अधिक तुकडे होतात. वापरणाऱ्याने नकाशा सरकवला की त्या जागेचे तेवढेच तुकडे सेवा देणाऱ्याच्या संगणकाकडून मागवले जातात. अलीकडे तयार चित्राऐवजी रेषा व बिंदूंची माहिती पाठवून चित्र भ्रमणध्वनीवरच रेखाटण्याची पद्धतही रूढ झाली आहे. पण मागणी-पुरवठ्याचे तत्त्व तेच आहे.

दुसरा थर माहितीसाठ्याचा. रस्ता कोठून कोठे जातो, दवाखान्याचे नाव काय, एखाद्या पत्त्याचे अक्षांश-रेखांश कोणते, दोन गावांमधील अंतर किती, ही उत्तरे चित्रातून नव्हे तर त्यामागील माहितीसाठ्यातून येतात. पत्त्यावरून स्थान शोधणे, स्थळांची यादी देणे आणि मार्ग काढणे या स्वतंत्र सेवा असून त्यांचे दर आणि अटी चित्राच्या दरांहून वेगळ्या असतात.

तिसरा थर ॲप चालवणाऱ्याच्या स्वतःच्या माहितीचा. पंचायतीचे हातपंप, अंगणवाड्या, टँकर भरण्याच्या जागा, पूररेषेतील घरे या खुणा या थरात येतात. पहिले दोन थर भाड्याचे असू शकतात; तिसरा थर स्वतःचा असला पाहिजे. परवान्याच्या अटी नीट न वाचल्यास होणारे नुकसान हे की, तिसरा थर नकळत पहिल्या दोहोंत मिसळून जातो आणि मग तो वेगळा काढता येत नाही.

अटी कशासाठी?

नकाशा तयार करणे हे खर्चाचे आणि कष्टाचे काम आहे. भारतीय सर्वेक्षण विभागाची स्थापना १७६७ साली झाली. १८०२ साली विल्यम लॅम्बटन याने मद्रासजवळ सुरू केलेली त्रिकोणमितीय मोजणी पुढे कित्येक दशके चालली आणि तीत असंख्य माणसे राबली. आज उपग्रह, विमाने आणि संगणक हाती आले असले तरी गल्लीबोळांची नावे, बंद पडलेले पूल आणि नवे रस्ते यांची नोंद सतत सुधारावी लागते. हा खर्च भरून निघावा आणि कोणी आयती उचल करू नये, यासाठी नकाशावर स्वामित्व हक्क राखला जातो. आपल्याकडील १९५७ च्या कॉपीराइट अधिनियमातही नकाशाचा समावेश कलाकृतींमध्ये, तर संगणकीय माहितीसाठ्यांचा समावेश वाङ्मयीन कृतींमध्ये करण्यात आला आहे.

हा हक्क किती काटेकोरपणे बजावला जातो, याचे ब्रिटनमधील उदाहरण उद्बोधक आहे. तेथील ऑर्डनन्स सर्व्हे या शासकीय सर्वेक्षण संस्थेने आपल्या नकाशांची नक्कल केल्याबद्दल ऑटोमोबाइल असोसिएशन या वाहनधारकांच्या संस्थेवर दावा लावला. रस्त्यांच्या रुंदीसारख्या बारीकसारीक रेखाटनात या संस्थेने ओळखीच्या खुणा ठेवलेल्या होत्या. त्या नकलेतही उतरल्या. अखेर २००१ साली दोन कोटी पौंडांवर तडजोड झाली.

करदात्यांच्या पैशाने बनलेले नकाशे करदात्यांनाच मोकळेपणाने वापरता येत नाहीत, ही खंत ब्रिटनमध्ये पुष्कळांना वाटत होती. तीतूनच स्टीव्ह कोस्ट या तरुणाने २००४ साली ओपनस्ट्रीटमॅप हा उपक्रम सुरू केला. स्वयंसेवकांनी स्वतः फिरून रस्ते नोंदवावेत आणि तयार होणारा माहितीसाठा सर्वांना खुला असावा, अशी ही कल्पना. पुढे २०१० च्या एप्रिलमध्ये ऑर्डनन्स सर्व्हेनेही आपली बरीच माहिती विनामूल्य खुली केली. खासगी बाजूने गूगल मॅप्सचा प्रारंभ २००५ च्या फेब्रुवारीत झाला आणि त्याच वर्षी जूनमध्ये हा नकाशा इतरांना आपल्या संकेतस्थळावर बसवण्याची सोय कंपनीने दिली. दोन प्रोग्राम एकमेकांशी ठरावीक रीतीने बोलण्याच्या या सोयीस एपीआय म्हणतात. आजच्या बहुतेक नकाशा-ॲपची वाट येथूनच सुरू झाली.

व्यापारी सेवेच्या प्रमुख अटी

सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या गूगलच्या सेवेच्या अटी उदाहरणादाखल पाहता येतील. इतर कंपन्यांच्या अटींत तपशिलाचा फरक असला तरी त्यांचा रोख साधारणपणे असाच असतो.

पहिली अट ओळखीची. ॲप तयार करणाऱ्यास स्वतःच्या नावे खाते उघडावे लागते, पैसे देण्याची व्यवस्था नोंदवावी लागते आणि मग त्याला एक सांकेतिक किल्ली मिळते. नकाशाची प्रत्येक मागणी या किल्लीच्या खाती मांडली जाते. किल्ली निष्काळजीपणे उघडी राहिली आणि दुसऱ्याने ती वापरली, तरी देयक खातेदाराच्याच नावे येते.

दुसरी अट साठवणुकीची. सेवेतून मिळालेली माहिती उतरवून आपल्या संगणकात कायमची ठेवता येत नाही. पत्त्यावरून शोधलेले अक्षांश-रेखांश सलग ३० दिवसांपर्यंतच तात्पुरते ठेवण्याची मुभा आहे. स्थळाला दिलेला सांकेतिक क्रमांक तेवढा कायम जपून ठेवता येतो. म्हणजे तालुक्यातील सर्व दवाखान्यांचे अक्षांश-रेखांश या सेवेतून काढून त्यांची कायमची नोंदवही बनवणे हा अटींचा भंग ठरतो.

तिसरी अट गिरवण्याची. नकाशावर अथवा उपग्रह-चित्रावर बोट ठेवून रस्ते, इमारती किंवा शेतांच्या सीमा गिरवून घेणे आणि त्यातून नवा माहितीसाठा तयार करणे यास मनाई आहे. शालेय वहीत नकाशा गिरवणाऱ्या विद्यार्थ्याला कोणी अडवत नाही. परंतु कार्यालयात बसून उपग्रह-चित्रावरून गावाचा रस्ते आराखडा गिरवला आणि तो शासकीय नोंद म्हणून वापरला, तर ती बाब अटीत सापडते. पुष्कळदा सद्‌हेतूने आणि केवळ अजाणतेपणी हेच घडते.

चौथी अट मिसळण्याची. या सेवेतून मिळालेली स्थळे वा मार्ग दुसऱ्या कंपनीच्या नकाशावर दाखवता येत नाहीत. पाचवी अट श्रेयाची. नकाशाच्या कोपऱ्यातील कंपनीचे चिन्ह आणि स्वामित्वाची ओळ झाकता अथवा पुसता येत नाही.

सहावी अट जोखमीची असून आपत्ती व्यवस्थापनाशी संबंधित अधिकाऱ्यांनी तिच्याकडे विशेष लक्ष द्यावयास हवे. सेवा बंद पडल्यास मृत्यू अथवा गंभीर इजा ओढवू शकेल, अशा कामांसाठी ही सेवा वापरू नये, असे अटींत नमूद असते. पूर, दरड किंवा आगीच्या वेळी माणसे हलवण्याचे काम केवळ अशा एका नकाशावर विसंबून ठेवता येत नाही, हा त्याचा व्यवहारी अर्थ आहे.

अटी आणि दर कायम नसतात

आज विनामूल्य असलेली सेवा उद्याही तशीच राहील, याची हमी नसते. गूगलच्या सेवेत संकेतस्थळांना एके काळी दररोज २५,००० वेळा नकाशा विनामूल्य दाखवता येत असे. त्यापुढे दर हजारी अर्धा डॉलर आकारला जाई. २०१८ च्या मध्यास ही पद्धत बदलली. खाते व पैसे देण्याची व्यवस्था सर्वांना अनिवार्य झाली, दरमहा २०० डॉलरची सवलत देण्यात आली आणि संकेतस्थळावरील चालत्या नकाशाचा दर हजारी ७ डॉलरवर गेला. त्या सवलतीत महिन्याला सुमारे २८,००० वेळाच नकाशा दाखवता येई. जे पूर्वी एका दिवसात मिळत होते, ते आता जवळजवळ एका महिन्यासाठी पुरवून वापरावे लागले. मोबाइल ॲपमध्ये केवळ नकाशा दाखवण्याला त्या वेळी शुल्क लावण्यात आले नाही. मात्र पत्ता शोधणे, स्थळे आणि मार्ग या सेवांचे शुल्क ॲपलाही लागू झाले.

पुढेही बदल होत राहिले. भारतातील दर ऑगस्ट २०२४ पासून काही सेवांमध्ये ७० टक्क्यांपर्यंत कमी करण्यात आले. मार्च २०२५ पासून २०० डॉलरच्या एकत्रित सवलतीच्या जागी सेवानिहाय मासिक मोफत मर्यादा आल्या. दर वाढले किंवा उतरले यापेक्षा महत्त्वाची गोष्ट ही की, ते ठरवण्याचा अधिकार सेवा देणाऱ्याकडे असतो. ग्रामपंचायतीचे अंदाजपत्रक वर्षातून एकदा बनते. त्यात कोणतीही तरतूद नसलेले देयक वर्षाच्या मध्येच समोर आल्यास ॲप बंद ठेवण्यावाचून गत्यंतर उरत नाही.

ज्यांची स्वतःची माहिती वेगळी राखलेली असते, त्यांना अशा प्रसंगी वाट बदलता येते. २०१२ साली फोरस्क्वेअर या कंपनीने आणि विकिपीडियाच्या मोबाइल ॲपने गूगलचा नकाशा सोडून ओपनस्ट्रीटमॅपच्या माहितीवर आधारलेला नकाशा स्वीकारला. खालचा नकाशा बदलला. वरची स्वतःची माहिती तशीच राहिली.

मुक्त नकाशालाही शिस्त असते

ओपनस्ट्रीटमॅप मुक्त आहे म्हणजे त्याला अटीच नाहीत, असे मात्र नव्हे. सप्टेंबर २०१२ पासून हा माहितीसाठा मुक्त माहितीसाठा परवान्याखाली, म्हणजे ओडीबीएल या परवान्याखाली दिला जातो. त्याची पहिली अट श्रेयाची आहे. नकाशासोबत ओपनस्ट्रीटमॅपच्या योगदानकर्त्यांचा उल्लेख दिसेल असा करावा लागतो. दुसरी अट परतफेडीची आहे. या माहितीसाठ्यात भर घालून वा बदल करून नवा साठा बनवला आणि त्याचा सार्वजनिक वापर केला, तर तो नवा साठाही त्याच परवान्याने खुला करावा लागतो. पंचायतीच्या हातपंपांची यादी स्वतंत्र ठेवून ती केवळ या नकाशावर दाखवली, तर यादी खुली करण्याचे बंधन येत नाही. तीच यादी मूळ साठ्यात कालवली, तर ते येऊ शकते.

याखेरीज माहितीसाठा आणि सेवा यांत भेद करावा लागतो. साठा मुक्त आहे. पण नकाशाचे तुकडे पुरवणारे या उपक्रमाचे संगणक देणग्या आणि स्वयंसेवकांच्या श्रमावर चालतात. गावच्या सार्वजनिक विहिरीवर कोणीही घागर भरावी, परंतु कोणी मोटार लावून मळा भिजवू नये, असाच हा संकेत आहे. मोठ्या प्रमाणावर तुकडे उतरवून घेण्यास तेथे बंदी आहे. प्रत्येक ॲपने आपली ओळख द्यावी लागते आणि अवाजवी भार टाकणाऱ्या ॲपला पूर्वसूचनेशिवाय रोखता येते. पत्ता शोधण्याच्या नॉमिनॅटिम या सार्वजनिक सेवेत सेकंदाला जास्तीत जास्त एकच विचारणा करता येते.

या बंदीचे कारण साध्या हिशेबाने स्पष्ट होते. महाराष्ट्राच्या अक्षांशावर अठराव्या स्तरावरील एक तुकडा सुमारे १४५ मीटर लांबी-रुंदीची जमीन दाखवतो. १,००० चौरस किलोमीटरच्या एका तालुक्यासाठी असे सुमारे ४८,००० तुकडे लागतात. वरचे सर्व स्तर धरल्यास ही संख्या ६४,००० च्या घरात जाते. दुर्गम पाड्यांवर दूरसंचाराचे जाळे पोहोचत नाही म्हणून शंभर कर्मचाऱ्यांनी आपापल्या भ्रमणध्वनीवर संपूर्ण तालुका उतरवून घ्यावयाचे ठरवले, तर ६४ लाख तुकड्यांची मागणी होईल. देणगीवर चालणाऱ्या संगणकांना हा भार पेलणारा नाही. यावर मार्ग आहे. मूळ माहितीसाठा एकदाच उतरवून घ्यावा आणि त्यावरून आपल्याच संगणकावर नकाशा तयार करून तो कर्मचाऱ्यांना वाटावा. मुक्त परवान्यात याला पूर्ण मुभा आहे.

भारतातील धोरण

आपल्या देशात नकाशांवरील निर्बंधांना व्यापाराबरोबरच संरक्षणाचीही बाजू होती. सीमेलगतचे आणि सागरकिनाऱ्याच्या पट्ट्यातील अनेक नकाशे दीर्घकाळ निर्बंधित होते. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणाने संरक्षणासाठी एक आणि सर्वसामान्य वापरासाठी दुसरी, अशा दोन नकाशा-मालिका ठरवल्या. २०१६ च्या मे महिन्यात भूस्थानिक माहितीच्या नियमनासाठी एका विधेयकाचा मसुदा प्रसिद्ध झाला. परवान्याविना अशी माहिती मिळवणाऱ्यास १०० कोटी रुपयांपर्यंत दंड आणि सात वर्षांपर्यंत कारावास त्यात सुचवला होता. त्यावर देशभर टीका झाली आणि तो मसुदा कायद्यात उतरला नाही.

१५ फेब्रुवारी २०२१ रोजी केंद्र शासनाच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने जाहीर केलेल्या मार्गदर्शक सूचनांनी मात्र दिशा बदलली. भारतीय व्यक्ती व संस्थांना नकाशे आणि भूस्थानिक माहिती तयार करण्यासाठी पूर्वपरवानगीची आवश्यकता उरली नाही. आडव्या दिशेत एक मीटर आणि उभ्या दिशेत तीन मीटर ही अचूकतेची सीमारेषा ठरवण्यात आली. त्याहून सूक्ष्म माहिती निर्माण करण्याचा व मालकीची ठेवण्याचा अधिकार भारतीय संस्थांनाच देण्यात आला. परदेशी कंपन्यांना अशी माहिती भारतीय संस्थेकडून परवान्याने घेता येते. परंतु ती केवळ भारतातील ग्राहकांना सेवा देण्यासाठी आणि केवळ एपीआयच्या मार्गाने. तिची पुनर्विक्री करता येत नाही. रस्त्यावरून फिरून दृश्यचित्रे घेण्याचे कामही भारतीय संस्थांसाठी राखण्यात आले. म्हणूनच जुलै २०२२ मध्ये गूगलची स्ट्रीट व्ह्यू ही सेवा भारतात पुन्हा सुरू झाली, तेव्हा चित्रांकनाचे काम मुंबईच्या जेनेसिस इंटरनॅशनल आणि टेक महिंद्रा या भारतीय कंपन्यांनी केले. आरंभीच्या दहा शहरांत मुंबई, पुणे, नाशिक आणि तेव्हाचे अहमदनगर ही महाराष्ट्रातील चार शहरे होती. २०२२ च्या डिसेंबरात राष्ट्रीय भूस्थानिक धोरणही अधिसूचित झाले.

निर्बंध सैल झाले असले तरी एक बंधन कायम आहे आणि ते प्रत्येक शासकीय ॲपला लागू पडते. भारताच्या सीमा भारतीय सर्वेक्षण विभागाने प्रसिद्ध केलेल्या नकाशाप्रमाणेच दाखवल्या पाहिजेत. १९६१ च्या फौजदारी कायदा सुधारणा अधिनियमानुसार याचे उल्लंघन करणाऱ्यास सहा महिन्यांपर्यंत कारावास, दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. ओपनस्ट्रीटमॅपचा सर्वसाधारण नकाशा प्रत्यक्ष ताब्याच्या रेषेनुसार सीमा दाखवतो. काही परदेशी सेवांत पाहणारा कोणत्या देशात आहे त्यानुसार सीमा बदलते. सबब असा नकाशा तसाच्या तसा शासकीय ॲपमध्ये बसवण्यापूर्वी सीमांची खातरजमा करणे आवश्यक ठरते. सर्वेक्षण विभागाची सीमारेषांची संगणकीय माहिती विनामूल्य उपलब्ध करून देण्याचे २०२१ च्या सूचनांत नमूद आहे.

देशी पर्याय आणि त्यांच्याही अटी

भारतीय अंतराळ संशोधन संस्थेने ऑगस्ट २००९ मध्ये भुवन ही नकाशा सेवा सुरू केली. पंचायतींसाठी तिचा स्वतंत्र विभाग आहे. नागपूर येथे १९८८ पासून महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र कार्यरत आहे. एप्रिल २०२० मध्ये सुरू झालेल्या स्वामित्व योजनेखाली गावठाणांची मोजणी भारतीय सर्वेक्षण विभागाच्या ड्रोनद्वारे करण्यात येत आहे. खासगी क्षेत्रात १९९५ पासून मॅपमायइंडिया ही कंपनी नकाशांचे काम करते. २०२४ साली ओला या कंपनीनेही स्वतःची नकाशा सेवा पुढे आणली.

या सेवा देशी आहेत म्हणून त्यांच्या अटी वाचण्याची गरज नाही, असे समजू नये. जुलै २०२४ मध्ये मॅपमायइंडियाने ओला इलेक्ट्रिक कंपनीला कायदेशीर नोटीस दिली. २०२१ च्या परवाना कराराचा भंग करून आपली माहिती नव्या नकाशासाठी वापरण्यात आली, असा तीत आरोप होता. ओलाने तो नाकारला. वादाचा निकाल काहीही लागो. भाड्याने घेतलेली माहिती आणि स्वतःची माहिती यांतील सीमारेषा किती काळजीपूर्वक जपावी लागते, हे त्यावरून ध्यानी येते. शासकीय खुल्या माहितीसाठी २०१७ साली अधिसूचित झालेल्या परवान्यातही, वापराची भरपूर मोकळीक असली तरी, स्रोताचा निर्देश करणे बंधनकारक आहे.

पंचायतीने काय करावे?

समजा, एका तालुक्यात टंचाईच्या काळात उपयोगी पडावे म्हणून सर्व हातपंप, सार्वजनिक विहिरी आणि टँकर भरण्याच्या जागा दाखवणारे ॲप तयार करावयाचे आहे. हे काम दोन रीतींनी होऊ शकते. तालुक्याच्या ठिकाणी बसून उपग्रह-चित्रावर अंदाजाने खुणा करत जाणे ही एक रीत. काम आठवड्यात उरकेल. पण ती यादी दुसऱ्याच्या चित्रावरून गिरवलेली असेल आणि ती आपली म्हणून दुसऱ्या नकाशावर नेणे अटींत बसणार नाही. शिवाय झाडाखालचा हातपंप चित्रात दिसत नाही, आणि दिसला तरी तो कोरडा आहे की चालू, हे कळत नाही.

दुसरी रीत कष्टाची पण खात्रीची आहे. ग्रामसेवक, पाणीपुरवठा कर्मचारी किंवा शिक्षकांच्या देखरेखीखाली वरच्या वर्गांतील विद्यार्थी यांनी प्रत्येक हातपंपाजवळ उभे राहून भ्रमणध्वनीतील उपग्रह-संदेशग्राहकाने अक्षांश-रेखांश टिपावेत. सोबत वाडीचे नाव, पंपाची स्थिती आणि नोंदीची तारीख लिहावी. उपग्रहांचे स्थानदर्शक संदेश सर्वांना विनामूल्य मिळतात. अशा रीतीने तयार झालेली यादी पूर्णपणे पंचायतीच्या मालकीची असते. ती आज या नकाशावर, उद्या त्या नकाशावर आणि इंटरनेट बंद असताना कागदावरही वापरता येते.

ॲप बनवून घेण्याच्या करारनाम्यात काही बाबी स्पष्ट असाव्यात. नकाशा सेवेचे खाते आणि किल्ली कंत्राटदाराच्या नव्हे, कार्यालयाच्या नावे असावी. अन्यथा कंत्राट संपताच नकाशा मावळतो. किल्ली त्याच ॲपपुरती मर्यादित करून मासिक वापराची कमाल मर्यादा घालावी. देयक वाढल्यास ते कोणी भरावयाचे, हे आधीच ठरवावे. जाळे नसलेल्या भागात नकाशा वापरावयाचा असेल, तर साठवणुकीची मुभा परवान्यात आहे किंवा नाही हे तपासावे. प्रत्येक नोंदीपुढे तिचा स्रोत लिहावा. श्रेयाची ओळ व देशाच्या सीमा बरोबर आहेत, याची खात्री करूनच ॲप स्वीकारावे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, कार्यालयाने गोळा केलेली संपूर्ण माहिती कोणत्याही संगणकावर उघडता येईल अशा साध्या तक्त्याच्या रूपात दर तीन महिन्यांनी कार्यालयाकडे परत आली पाहिजे.

शिक्षकांनाही या कामात मोठा वाटा उचलता येईल. वाड्या-वस्त्यांची, ओढ्यांची आणि टेकड्यांची स्थानिक नावे परदेशी नकाशांत पुष्कळदा नसतात किंवा चुकीची असतात. ओपनस्ट्रीटमॅपमध्ये ही नावे मराठीत नोंदवण्याची सोय आहे. मात्र ती दुसऱ्या कंपनीच्या नकाशावरून उतरवलेली नसावीत. गावातील जाणत्या माणसांकडून ऐकून, प्रत्यक्ष जागा पाहून लिहिलेली असावीत. भूगोलाचा आणि प्रामाणिकपणाचा हा एकत्रच धडा ठरेल.

ऑनलाइन नकाशा सेवा ही मोठी सोय आहे आणि तिचा उपयोग प्रशासनाने अवश्य करावा. परवान्याच्या अटी या सोयीतील अडसर नव्हेत. त्या देणाऱ्याच्या आणि घेणाऱ्याच्या हक्कांमधील मोजणीचे दगड आहेत. शेजाऱ्याच्या बांधाला हात न लावणारा शेतकरी स्वतःच्या बांधावरही लक्ष ठेवतो. नकाशांच्या बाबतीत हीच दक्षता राखली, तर ॲप बदलले, कंपनी बदलली किंवा दर बदलले, तरी गावाची माहिती गावाच्या दप्तरी सुरक्षित राहील. आणि पुढच्या टंचाईत कोणता पंप चालू आहे, हे विचारावयास गावाला दुसऱ्याच्या दारी जावे लागणार नाही.